संशय आणि सिद्धता



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचे सारे आयुष्य सत्र न्यायालयात गेले. म्हणून आजचा विषय मी तिथलाच घेतला आहे. खुनाच्या खटल्यात घटना पाहणारा कोणी नसतो, सगळा पुरावा परिस्थितीजन्य असतो. सत्र न्यायालय फाशी देते, उच्च न्यायालय ती कायम करते आणि सर्वोच्च न्यायालय आरोपीला सोडते. अशा वेळी नेमके काय घडलेले असते? गावात म्हणतात, ‘सुटला’. वर्तमानपत्रात छापून येते, ‘पुराव्याअभावी निर्दोष’. दोन्हींत सूर एकच असतो, की न्याय व्हायचा राहिला. त्या सुराशी माझे भांडण आहे आणि ते मी पुण्यातल्या एका खटल्याच्या आधाराने मांडणार आहे.

शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. निकालाची तारीख १७ जुलै १९८४. आज देशात कुठेही परिस्थितीजन्य पुराव्यावर खटला उभा राहिला की हा निकाल पुढे येतो. नव्याने सनद घेतलेल्या वकिलालाही ‘सारडा’ ठाऊक असतो. पण बहुतेकदा त्यातली पाच सूत्रे तेवढी वाचली जातात आणि ती कोणत्या हकिकतीतून आली हे मागे राहते. म्हणून आधी हकीकत.

फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झाले. मुलीचे माहेर बीडचे, मुलगी शिकलेली. मुलगा पुण्यात, रसायन अभियंता. त्याच वर्षी ११ जूनच्या रात्री ती पुण्यातल्या सदनिकेत झोपली आणि १२ तारखेला पहाटे मृत आढळली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला, हे तपासणीत निष्पन्न झाले. तिचे नाव निकालपत्रात पानोपानी आहे, पण मी ते इथे घेणार नाही. तिला काय सोसावे लागले याची चर्चा करायला तिचे नाव लागत नाही.

पोलिसांचे म्हणणे असे होते की नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते, बायको नकोशी झाली होती, म्हणून त्याने घरातल्यांशी संगनमत करून तिला विष दिले. त्या चार महिन्यांत तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. त्यांतून तिचे दुःख, अपेक्षाभंग आणि सासरी वाटणारे परकेपण दिसत होते. मृत्यूच्या रात्री नवरा घरातच होता.

एवढे ऐकल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात निकाल तयार झाला असेल. त्यात गैर काही नाही. एक तरुण मुलगी सासरी विषाने मरते आणि नवरा त्याच खोलीत असतो, तेव्हा संशय येणारच, आणि पोलिसांनी त्याच दिशेने तपास सुरू केला तर त्यांना दोष देता येणार नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. मग प्रकरण न्या. सय्यद मुर्तझा फझल अली, न्या. ए. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्यापुढे गेले आणि तिघांनीही आरोपीला निर्दोष सोडले.

हे त्यांनी कशाच्या बळावर केले, ते सावकाश पाहू.

विषप्रयोगाच्या खटल्यात सरकार पक्षाला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. विष देण्यामागे स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्याच विषाने झाला, आरोपीजवळ ते विष होते आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली. या खटल्यात विष कोणते हे निश्चित होते. नवरा घरात असल्यामुळे संधीबद्दलही बोलता येत होते. पण पोटॅशियम सायनाइड आरोपीकडे आले कुठून, त्याने ते कधी आणि कोणाकडून घेतले, याचा पुरावा नव्हता. माणूस रसायन अभियंता आहे, तेव्हा त्याने कुठून तरी मिळवले असेल, इतकेच म्हणता येत होते. खटल्याच्या मधोमध जिथे ठोस वस्तू हवी, तिथे ‘असेल’ हा शब्द बसला होता. संधीचेही तसेच. ज्या घरात नवऱ्याला विष देण्याची संधी होती, त्याच घरात तिला ते स्वतः घेण्याचीही संधी होती.

इथे तिच्या पत्रांचा प्रश्न येतो. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा ज्या परिस्थितीतून मृत्यू ओढवला तिच्याबद्दल काही सांगितले किंवा लिहिले असेल, तर ते पुराव्यात घेता येते. या बाबतीत आपला कायदा इंग्लंडच्या कायद्यापेक्षा मोकळा आहे. लिहिताना मृत्यू समोर दिसत असला पाहिजे, अशी आपल्याकडे अट नाही. न्या. फझल अली यांनी ही पत्रे ग्राह्य धरली आणि मन लावून वाचली. सरकार पक्षाला त्यांत छळाची आणि येणाऱ्या घाताची चाहूल दिसत होती. न्यायमूर्तींना त्याच ओळींत हळव्या स्वभावाची, आतल्या आत खचत चाललेली, माहेरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहणारी मुलगी दिसली. अशी मुलगी जिवाचे बरेवाईट करून घेईल, ही शक्यता पत्रांतूनच उभी राहत होती आणि सरकार पक्षाने ती पुसली नव्हती.

माझ्या मते या निकालाचा गाभा इथे आहे. खून कोणी केला, हा प्रश्न दुसरा. खून झाला का, हा पहिला. तपासाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी धरले आणि पहिल्याचे उत्तर त्यातून आपोआप मिळेल असे मानले.

न्यायालयाने मांडलेल्या पाच सूत्रांना वकिलीत पंचशील म्हणतात. ती निराळी मोजत बसण्यापेक्षा त्यांचा एकत्र अर्थ सांगतो. ज्या परिस्थितीवरून दोष काढायचा, ती प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध झालेली हवी. सिद्ध झालेल्या गोष्टी फक्त दोषाशीच जुळल्या पाहिजेत, निर्दोषपणाशीही जुळत असतील तर उपयोग नाही. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात आणि त्यांनी दुसऱ्या प्रत्येक शक्यतेची वाट बंद केली पाहिजे. आणि सगळ्या मिळून साखळी इतकी अखंड हवी की आरोपी निर्दोष असेल असे मानायला वाजवी आधार उरू नये. यातली पहिली अट लोक घाईने ओलांडतात आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्धवट सिद्ध झालेल्या दहा गोष्टी एकावर एक रचल्या म्हणून एक पूर्ण सिद्ध गोष्ट तयार होत नाही.

आरोपीने खोटे सांगितले, मग तोच दोषी, असा युक्तिवाद कोर्टात रोज ऐकू येतो. सारडा निकालाने त्यालाही जागा नेमून दिली. साखळी आधीच पूर्ण असेल, तर खोटा बचाव तिला बळकटी देऊ शकतो. तुटलेली कडी मात्र त्याने सांधता येत नाही. घाबरलेला निरपराध माणूसही खोटे बोलतो. कोर्टाच्या कामात ज्याचा जन्म गेला, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक बाब बाहेरच्या लोकांना फारशी माहीत नसते. पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१. पिंजऱ्यातल्या माणसाशी न्यायालय स्वतः बोलते, असा तो खटल्यातला प्रसंग. सरकार पक्ष ज्या ज्या गोष्टी तुझ्याविरुद्ध वापरणार आहे त्यांबद्दल तुझे काय म्हणणे आहे, हे त्याला विचारायचे असते. आपल्या कोर्टांत हे काम कसे उरकले जाते ते आपण पाहतो. टंकलिखित प्रश्नांचे बाड असते, एकेका प्रश्नात चार-चार साक्षीदारांचे जबाब कोंबलेले असतात आणि आरोपी प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणत जातो. सारडा खटल्यात उच्च न्यायालयाने आधार घेतलेल्या अनेक गोष्टी आरोपीला विचारल्याच गेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या विचारातून बाद केल्या. कोणी याला तांत्रिक मुद्दा म्हणेल. ज्या गोष्टीवर माणसाला फासावर चढवायचे, ती त्याच्या तोंडावर सांगून त्याचे उत्तर न ऐकणे, याला मी अन्यायच म्हणेन.

अनुभवी न्यायाधीशांना दोन पायऱ्यांवर जे पटले, ते तिसऱ्या पायरीवर का टिकले नाही? याचे एक कारण माणसाच्या मनाच्या घडणीत आहे. इंग्लंडमध्ये १८३८ साली हॉज नावाच्या आरोपीच्या खून खटल्यात न्यायाधीश बॅरन आल्डरसन यांनी ज्युरीला सावध केले होते, की मनाला घटना एकमेकींत बसवण्यात आनंद वाटतो. त्या बसत नसतील तर ते थोडी ओढाताण करते, आणि माणूस जितका हुशार तितका या मोहात पडण्याचा धोका जास्त. १९५२ मध्ये हनुमंत नरगुंदकर खटल्यात न्या. मेहरचंद महाजन यांनी हाच इशारा आपल्या निकालात घेतला. तो खटला खुनाचा नव्हता. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या एका अबकारी आयुक्तावर मद्यार्क कारखान्याच्या निविदेत गैरव्यवहार केल्याचा आरोप होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. पण परिस्थितीजन्य पुराव्याचा आपल्याकडचा सगळा विचार तिथून सुरू होतो. सारडा निकालही त्याच पायावर उभा आहे.

आपली मराठी भाषाही मनाच्या या ओढीला शब्द पुरवते. ‘आगीशिवाय धूर नाही’, ‘कुठेतरी पाणी मुरतंय’. त्याच भाषेने कावळा बसायला आणि फांदी मोडायला हेही आपल्याला दिलेले आहे, पण खुनाची बातमी वाचताना ते कोणाला आठवत नाही. आपल्या मनात न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. सत्तेपुढे न झुकणारा हा माणूस आपला आदर्श असणे योग्यच आहे. फक्त त्या गोष्टीत धैर्याचे माप शिक्षा सुनावण्यात आहे. सारी जनता शिक्षा मागत असताना, दोन न्यायालयांनी ती दिलेली असताना, पुरावा पुरेसा नाही असे म्हणायलाही तेवढेच धैर्य लागते.

आता दुसरी बाजू. घराच्या चार भिंतींत बाई मरते, साक्षीदार कोणी नाही, मग नवऱ्याने मौन धरले की तो सुटणार का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. नांदेड जिल्ह्यातल्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नवऱ्याची जन्मठेप कायम केली. बायको साप चावून मेली, असे सासरच्यांनी सांगितले होते. शवविच्छेदनात आढळले, की गळा दाबल्यामुळे गुदमरून मृत्यू झाला. न्यायालयाने म्हटले, की घरात जे घडले त्याची माहिती घरातल्यांनाच असते. त्यांनी खुलासा केला नाही किंवा खोटा केला, तर ती त्यांच्याविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते. पुरावा कायद्याचे कलम १०६, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे १०९, हेच सांगते.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत, असा माझा तरुण मित्रांना आग्रह आहे. नांदेडच्या खटल्यात शरीरच सांगत होते की दुसऱ्याच्या हातांनी जीव घेतला. आपला गळा आपण हातांनी दाबून कोणी मरत नाही. खून झाला, ही पहिली पायरी पक्की होती, आणि त्यानंतर नवऱ्याचे मौन त्याच्याविरुद्ध जाणे योग्यच होते. पुण्याच्या खटल्यात शरीर फक्त विष सांगत होते. ते कोणी दिले की तिनेच घेतले, याबद्दल ते गप्प होते. खुलाशाचा भार आरोपीवर टाकण्याआधी सरकार पक्षाने आपल्या बाजूचा पाया बांधलेला असला पाहिजे, हे १९५६ च्या शंभूनाथ मेहरा निकालापासून ठरलेले आहे. अलीकडे १०६ चा आधार घेऊन पायाच न बांधलेले खटले उभे राहतात आणि ते खाली टिकतातही, याची मला काळजी वाटते.

संशयाचा फायदा म्हणजे आरोपीला मोकळे रान, असेही कोणी समजू नये. १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी कल्पनेतल्या प्रत्येक शंकेपुढे न्यायाने मान तुकवू नये, असे बजावले आणि शिक्षा कायम ठेवली. त्याच निकालात त्यांनी ‘केले असेल’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांत लांबचे अंतर आहे, असेही लिहिले. हे दुसरे वाक्य पुढे सारडा निकालात आले. एकाच लेखणीतून दोन्ही विचार उतरले. त्यांतला आपल्याला सोयीचा तेवढा उचलणे ही आपली, वकिलांची, वाईट खोड आहे.

खरी कडी तुटते कुठे? माझ्या मते बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत, पोलीस ठाण्यात. निवेदन पंचनाम्याचे उदाहरण घ्या. आरोपी कोठडीत असतो. दोन पंच बोलावले जातात. कागदावर येते, की मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय निवेदन करतो की मी लपवून ठेवलेली कुऱ्हाड काढून देतो. जिल्हा बदलला, ठाणे बदलले तरी वाक्य तेच. मग सरकारी गाडीतून सगळे एखाद्या शेतात जातात, बांधावरच्या झुडपातून कुऱ्हाड निघते आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येतो: रक्त मानवी, गट निश्चित करता आला नाही. पंच पुढे उलटतपासणीत सांगतो, सही ठाण्यातच घेतली. कधी कळते की हाच पंच त्या ठाण्याच्या इतरही खटल्यांत पंच होता.

आरोपीने सांगितल्यातला नेमका किती भाग पुराव्यात घ्यायचा, हे प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ठरवून दिले आहे. त्याच्या सांगण्यावरून जी गोष्ट उघड झाली तिच्याशी संबंधित तेवढाच भाग. ‘याच कुऱ्हाडीने मारले’ हे शब्द त्यात येत नाहीत. २०२२ मध्ये रामानंद ऊर्फ नंदलाल भारती खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने फाशीची शिक्षा रद्द करताना हा पंचनामा कसा असावा ते सविस्तर सांगितले. निवेदन ठाण्यात, स्वतंत्र पंचांसमोर, आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायचे आणि मगच सर्वांनी जागेवर जायचे. हे नियम आरोपीच्या सोयीसाठी नाहीत. ते पाळले तर खऱ्या गुन्हेगाराची शिक्षा वरपर्यंत टिकते. न पाळल्यामुळे पंधरा वर्षांनी ती कोसळते, तेव्हा मृताच्या आईवडिलांच्या हाती काही उरत नाही.

सारडा खटल्यातल्या मुलीचेही मला असेच वाटते. आरोपी सुटल्याने तिच्यावर अन्याय झाला असे म्हणणारे मला भेटतात. तिने आत्महत्या केली असेल तर कोणत्या दुःखाने केली, याचा तपास कोणी केला? खुनाचा एकच तर्क धरल्यावर बाकीच्या वाटा बंद झाल्या. १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८ अ आले, १९८६ मध्ये ३०४ ब आले. नवविवाहितेच्या छळाकडे आणि तिच्या संशयास्पद मृत्यूकडे कायदा गांभीर्याने पाहू लागला, पण तिच्या मृत्यूनंतर. ती जिवंत असताना ती पत्रे लिहीत होती आणि ती वाचून तिच्या मदतीला धावेल अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. तिचे देणे समाजाकडे राहिले आहे. अपुऱ्या पुराव्यावर कोणाला फाशी देऊन ते फिटले नसते.

हा निकाल वाचताना मी एका गोष्टीपाशी नेहमी थबकतो. मृत्यू जून १९८२ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै १९८४ चा. सत्र, उच्च, सर्वोच्च, तिन्ही पायऱ्या सव्वादोन वर्षांच्या आत. आज हे कोणाला खरे वाटेल?

याच्या उलट महाराष्ट्रातलेच दुसरे प्रकरण सांगतो. ते परिस्थितीजन्य पुराव्याचे नव्हते, त्यात डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार होते. २००३ मधला गुन्हा, आरोपी भटक्या जमातीतले सहा गरीब लोक. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. तेच प्रकरण पुनर्विलोकनात परत उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळेच लोक ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. एक आरोपी तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले.

हे पाच लाखही त्यांना न्यायालयाने त्या एका प्रकरणात दिले म्हणून मिळाले. चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाईचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात असा कायदा करावा, प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालये नेमावीत आणि पैशांबरोबर समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण अशी मदतही द्यावी, अशी शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले. कलमांचे क्रमांक बदलले, पण ही शिफारस त्यांत उतरली नाही.

वकील संघाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत खुनाच्या ज्या खटल्यांत वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, त्यांचे कागद एकत्र करून वाचायला एक गट नेमावा. पंचनामा, रासायनिक अहवाल आणि ३१३ चा जबाब, एवढ्या तीनच गोष्टी तपासल्या तरी कडी कुठे तुटते ते दिसेल, आणि ते टिपण जिल्हा न्यायाधीश, पोलीस अधीक्षक आणि सरकारी वकील या तिघांनाही द्यावे. दुसरी मागणी अशी की विधी सेवा प्राधिकरणाकडून फाशीयोग्य खटला घेणाऱ्या तरुण वकिलासोबत पहिल्या दिवसापासून एक ज्येष्ठ वकील बसावा, आणि ते काम ज्येष्ठांनी विनामोबदला करावे. माझे नाव त्या यादीत आजच घालावे, अशी अध्यक्षांना विनंती करून मी थांबतो.